आमच्या पोरांचा हिशेब १७ सप्टेंबरपर्यंत द्या

हा विनंती अर्ज नाही. विनंती अर्ज आम्ही पुष्कळ केले. त्यांवर आवक क्रमांक पडला, शिक्का पडला आणि ते फायलीत गेले. हा इशारा आहे. राज्याच्या उद्योग आणि कामगार विभागाला आहे, एमआयडीसीला आहे, रेल्वे मंत्रालयाला आहे. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेडब्यांचं काम घेतलेल्या देशी-परदेशी भागीदारांना आहे, पोरं पुरवणाऱ्या ठेकेदारांना आहे आणि आम्ही आलटून पालटून निवडून देतो त्या सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनाही आहे. मुदत १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होण्याआधी आम्हाला लेखी उत्तर पाहिजे. फ्लेक्सवरचं नको, पत्रकार परिषदेतलं नको, फोनवरचं तर मुळीच नको.

आम्ही म्हणजे निलंगा तालुक्यातले आईबाप. औराद शहाजानी असो की कासार सिरसी, पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, तो चाकण, तळेगाव, रांजणगाव ही नावं शेजारच्या गावासारखी घेतो. पोरगं आयटीआय करतं, फिटर नाहीतर वेल्डर होतं, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं साडेतीनशेहून जास्त किलोमीटर जातं आणि सकाळी कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर उभं राहतं. सोयाबीनला हमीभाव कागदावर आणि बाजारभाव त्याच्या खाली, त्यात पाऊस आला तर धो धो नाहीतर नाहीच. अशा शेतीत त्या पोराच्या पगारातून येणारे महिन्याचे चार पैसे म्हणजे घरातलं एकमेव पक्कं उत्पन्न. त्यावर धाकटीची फी, म्हाताऱ्याच्या गोळ्या, सोसायटीचा हप्ता. म्हणून पुण्याकडच्या एखाद्या कंपनीला कुलूप लागलं की त्याचा आवाज इथं ऐकू येतो. तो मंत्रालयात कसा ऐकू येत नाही, हे आम्हाला उमगलेलं नाही.

तळेगावचं उदाहरण आधी सांगतो, कारण ते राज्याच्या डोळ्यांदेखत घडलं.

जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीनं तळेगावात २००८ साली मोटारींचा कारखाना सुरू केला. मे २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की भारतात आता गाड्या विकणार नाही, तळेगावात फक्त निर्यातीसाठी बनवू. शहाण्या सरकारनं त्याच दिवशी कान टवकारायला हवे होते. ज्याला इथं विकायचंच नाही तो इथं बनवणार तरी किती दिवस? जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी विक्रीचा करार झाला. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवर आधी परवानगीची अट घातली आणि तो करार लटकला. तो लटकलेला असतानाच, २४ डिसेंबर २०२० ला, तळेगावातलं उत्पादन थांबलं. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, १,४१९ कामगारांच्या हातात ले-ऑफची नोटीस पडली. लोक ऑक्सिजनच्या रांगेत उभे होते तेव्हा. जून २०२२ च्या अखेरीस ग्रेट वॉलचा करार मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला. त्या करारात काय काय होतं ते नीट वाचा : जमीन, इमारती, काही यंत्रसामग्री. माणसं त्या यादीत नव्हती. यंत्रांना नवा मालक मिळाला. कामगारांना मिळाली ती आंदोलनं, उपोषणं आणि कोर्टाच्या तारखा.

आता त्याच तळेगावची दुसरी गोष्ट आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता आणि फॉक्सकॉननं चिप बनवण्याचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला न्यायचं ठरवलं. त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! मोर्चे निघाले, विधानसभा दणाणली, लाखभर नोकऱ्या पळवल्या म्हणून एकमेकांच्या नावानं शिमगा झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो प्रकल्प गुजरातलाही उभा राहिला नाही. म्हणजे जी नोकरी कधी नव्हतीच तिच्यासाठी गळे काढले गेले, आणि ज्यांची होती ती त्याच एमआयडीसीत आधीच गेलेली, त्यांच्यासाठी त्या आवाजाचा दहावा हिस्साही निघाला नाही. न झालेल्या कारखान्यावर राजकारण करायला सोपं जातं. बंद पडलेल्या कारखान्याचा कामगार मात्र पगार विचारतो, पीएफ विचारतो, आणि त्याचं उत्तर कुणाकडं नसतं. पुढाऱ्यांनो, पहिला इशारा तुम्हाला आहे : यापुढं निलंग्यात येऊन अमुक प्रकल्प कुणी पळवला यावर भाषण करायचं असेल, तर आधी जे कामगार रस्त्यावर आले त्यांच्यासाठी तुम्ही काय केलं ते सांगावं लागेल. नसेल सांगता येत तर माईक घेऊ नका.

कंपनी देश सोडून जाते हे काही आक्रीत नाही. तंत्रज्ञानाच्या वस्तू बनवणारे कारखाने वरचेवर मुक्काम हलवतात. जिथं मजुरी कमी, कर कमी आणि सरकार जास्त वाकतं, तिथं ते जातात. नोकियाचा प्रवास पाहा. जानेवारी २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा मोबाईल कारखाना बंद करून काम रुमानियात नेणार, असं नोकियानं जाहीर केलं. २,३०० नोकऱ्या गेल्या. रुमानियातला कारखाना तरी टिकला का? २०११ मध्ये तोही बंद केला. आपल्याकडं तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला २००६ साली नोकियाचा कारखाना आला, भरात होता तेव्हा तिथं हजारो पोरं कामाला होती, त्यांत खेड्यांतून आलेल्या पोरी पुष्कळ. कराचा वाद झाला, मालमत्तेवर टाच आली, मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा मोबाईल धंदा विकत घेतला तेव्हा हा कारखाना त्या सौद्याबाहेर राहिला. मायक्रोसॉफ्टनं फोन बनवायचं काम व्हिएतनाममध्ये एकवटलं. १ नोव्हेंबर २०१४ ला श्रीपेरुंबुदूरचे दिवे गेले. पोरींच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. पंचविशीतल्या पोरीची निवृत्ती, आणि तीही स्वेच्छेनं!

पण बोखुममध्ये एक गोष्ट वेगळी घडली आणि तीच आम्हाला इथं हवी आहे. तिथल्या राज्य सरकारनं नोकियाला अनुदान देताना कागदावर अट घातली होती की ठरलेल्या संख्येइतक्या नोकऱ्या ठरलेल्या मुदतीपर्यंत टिकल्या पाहिजेत. नोकिया निघाली तेव्हा सरकारनं तो कागद काढला आणि व्याजासकट सुमारे ६ कोटी युरो परत मागितले. लोक रस्त्यावर उतरले, नोकियाचा फोन वापरणार नाही असं मंत्र्यांनीसुद्धा जाहीर केलं. कामगारांच्या संघटनेनं वाटाघाटीत २० कोटी युरोंची भरपाई ठरवून घेतली आणि बोखुममध्ये नवा रोजगार उभा करायलाही नोकियाला पैसे मोजावे लागले. कारखाना वाचला नाही. पण जाणाऱ्याला दारात अडवून हिशेब घेता आला, कारण तो येताना कागद केलेला होता. आमच्या सरकारनं असे कागद केले आहेत का? केले असतील तर दाखवा. नसतील केले तर कुणी केले नाहीत, त्याचं नाव सांगा.

मराठवाड्याला घरचाही अनुभव आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. एक काळ असा होता की गावात पहिला रंगीत टीव्ही आला तो त्याच कंपनीचा, आणि आपल्या मराठवाड्यातला म्हणून लोक कौतुकानं हात लावून बघायचे. कंपनी इतकी वाढली की २००५ मध्ये तिनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदाच विकत घेतला, त्यात चीन, पोलंड, मेक्सिको, इटलीतले कारखाने आले. नेमक्या त्याच वर्षांत पिक्चर ट्यूबचा जमाना संपत आला होता आणि सपाट पडद्याचे टीव्ही येत होते. पुढं कर्ज डोईजड झालं, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. ६४ हजार कोटींच्या घरातल्या दाव्यांपुढं २,९६२ कोटींची बोली आली. बँकांचे वकील होते, बोली लावणाऱ्यांचे वकील होते. कामगारांच्या बाजूनं कोण होतं ते चितेगाव, पैठण भागातल्या लोकांना विचारा.

आता हरंगुळ.

लातूर जिल्ह्यानं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, त्यातले एक आमच्या निलंग्याचे. तरी डाळमिल, तेलगिरणी आणि साखर कारखाना यांपलीकडं आयटीआय झालेल्या पोरांना इथं फारशी जागा नव्हती. निलंग्याला तर अजून रेल्वेही नाही. रेल्वेनं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणलं, ते उपकार आम्ही विसरलेलो नाही. ३१ मार्च २०१८ ला हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीचं भूमिपूजन झालं तेव्हा लोकांना वाटलं, आता पोरं ट्रॅव्हल्सनं रातोरात जाणार नाहीत, एसटीनं सकाळी जाऊन रात्री घरी येतील. २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. जुळणी पाहा : तळेगाव थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग २०२३ मध्ये मोठी बातमी आली. वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचं काम रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग आणि आपली रेल विकास निगम यांच्या भागीदारीला मिळालं. त्या भागीदारीचं नाव किनेट, आणि गाड्या बनणार हरंगुळला. १,९२० डबे. एका गाडीची किंमत १२० कोटींच्या आसपास.

त्यानंतर काय झालं? रशियाचं युद्ध आणि त्यावरून तिच्यावर आलेले निर्बंध होतेच. रेल्वेनं आराखड्यात बदल मागितले, प्रत्येक डब्यात स्वच्छतागृहं किती, पँट्री कुठं, सामानाची जागा किती यावर पत्रापत्री झाली आणि वेळापत्रक पुढं पुढं सरकलं. दरम्यान पहिली शयनयान वंदे भारत बंगळुरूच्या बीईएमएलनं बांधली. आम्ही कुणाला दोष देत नाही, आराखडा बरोबर झालाच पाहिजे. पण त्या सगळ्या वर्षांत निलंग्याचा वेल्डर कुठं होता? चाकणलाच होता, ठेकेदाराच्या वहीत.

आमची भीती साधी आहे. कारखाना रेल्वेचा, तंत्रज्ञान आणि निर्णय परदेशी भागीदाराच्या हातात, माणसं ठेकेदाराची. १,९२० डबे बनले की पुढं काय? गाड्यांच्या देखभालीचा करार ३५ वर्षांचा आहे, पण देखभाल डेपोत होते, आणि त्यातला एक मोठा डेपो जोधपूरला. म्हणजे ३५ वर्षांचं काम दुसरीकडं आणि डबे बनेपर्यंतचं काम हरंगुळला. डबे संपले, नवी ऑर्डर आली नाही किंवा तीच ऑर्डर दुसऱ्या कारखान्यानं नाहीतर दुसऱ्या देशानं स्वस्तात घेतली, तर हरंगुळच्या पोरांचं काय? या प्रश्नाला आजवर कुणी जाहीर उत्तर दिलेलं नाही. आमचा कारखान्याला विरोध आहे असा कांगावा कुणी करू नये. कारखाना चालावा, तीन शिफ्टमध्ये चालावा. म्हणूनच आधी विचारतोय. तळेगावच्या कामगारांनी नंतर विचारलं, त्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

कायदा आहे की, असं साहेब लोक सांगतात. कायदा आम्हीही वाचायला लागलोय, पोरंच वाचून दाखवतात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायचा किंवा कामगारकपात करायची तर सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ती मर्यादा ३०० वर गेली. त्यात भरपाई किती? नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. म्हणजे दहा वर्षं यंत्रावर घासलेल्या माणसाला पाच महिन्यांचा पगार. त्याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचं वेतन. परवानगीच्या अर्जावर सरकार ६० दिवस गप्प बसलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. सरकार गप्प बसण्यात किती तरबेज आहे ते आम्ही सांगायची गरज नाही.

आणि ही भरपाईसुद्धा कुणाला? इथंच खरी मेख आहे. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या व्याख्येत कामगारच नाही. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरच्या पोराची मुदत संपली तर ती कामगारकपात धरत नाहीत. ठेकेदाराकडून आलेला पोरगा, तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे, असं कंपनी म्हणते आणि ठेकेदार म्हणतो ऑर्डर संपली. वर्षात २४० दिवस भरले की हक्क सुरू होतो, म्हणून सात महिने झाले की ब्रेक. पंधरा दिवस घरी बस, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं ये. यंत्र तेच, लाइन तीच, सुपरवायझर तोच, फक्त गळ्यातल्या आयडीची पट्टी बदलते. अशा कारखान्यात ३०० चा आकडा भरायचा तरी कधी?

गेल्या पावसाळ्यात निलंग्याच्या बसस्टँडवर असंच एक पोरगं उतरलं. पाठीवर सॅक, हातात शेगडी आणि गुंडाळलेली गादी. ओळखीच्या माणसानं विचारलं, "काय रे, सुट्टीवर का?" ते म्हणालं, "हो मामा, दोन दिवस." सुट्टीवर येणारा माणूस गादी घेऊन येत नाही. कळलं सगळ्यांना, कुणी पुढं विचारलं नाही. घरी त्याच्या आईनंही शेजारणींना सुट्टीच सांगितली, कारण पोराचं स्थळ बघायचं चाललं होतं आणि मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न असतो : कंपनी कुठली, परमनंट आहे का? त्याच्या सॅकमध्ये एक कागद होता, फुल अँड फायनल. त्यावर त्याची सही होती, आणि ज्या रकमेवर सही होती ती खात्यात आलेली नव्हती. ठेकेदाराचा फोन उचलला जात नव्हता. कंपनीचं नाव आम्ही इथं घेत नाही, कारण त्याला पुन्हा त्याच पट्ट्यात काम शोधायचंय. पोराचा गुन्हा काय? लाइन दुसरीकडं हलवली, त्याला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. गेटवर कार्ड चाललं नाही तेव्हा त्याला कळलं.

आता काय पाहिजे ते सांगतो.

हरंगुळच्या कारखान्यात आणि जिल्ह्यातल्या ज्या ज्या कारखान्याला सरकारी सवलत मिळते त्या प्रत्येकाच्या गेटवर, दर तीन महिन्यांनी, मराठीत फलक लागला पाहिजे : कायम किती, ठराविक मुदतीचे किती, ठेक्यावरचे किती, शिकाऊ किती, आणि त्यात लातूर जिल्ह्यातले किती. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत एकूण ८० टक्के आणि सुपरवायझर वर्गात ५० टक्के स्थानिकांची अट आहेच. पण स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, एवढीच तिची व्याप्ती. ती कागदावर कुठं कुठं भरली जाते ते आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला आकडा फलकावर पाहिजे, म्हणजे पोरं स्वतः मोजतील.

जीएसटी परतावा, वीज शुल्क माफी, मुद्रांक माफी हे आमच्याच घामाचे पैसे आहेत. ते देताना किती नोकऱ्या, किती वर्षं, असा करार करा आणि तो जाहीर करा. कंपनी मुदतीआधी गेली तर सवलत व्याजासकट वसूल करा, आणि ती सरकारी तिजोरीत जाण्याआधी कामगारांच्या खात्यात जाऊ द्या.

एमआयडीसीला वेगळं सांगायचं आहे, कारण खरी चावी तिच्याकडं आहे. एमआयडीसीचा प्लॉट कंपनीच्या मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेला असतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायचा तर एमआयडीसीची संमती लागते. मग ती संमती देताना फरकाची रक्कम भरली का एवढंच का बघता? कामगारांची देणी दिली का, घेणारा त्यांना कामावर घेतोय का, हे का बघत नाही? कामगार संघटनेचा ना-हरकत दाखला आल्याशिवाय प्लॉट हस्तांतरित करायचा नाही, असा एक ठराव एमआयडीसीनं केला तर तळेगाव पुन्हा घडणार नाही. त्यासाठी संसदेत जायला नको, नवा कायदा नको. एक बैठक पुरते.

नोटीस ६० किंवा ९० दिवसांची पुरत नाही. मालकाला ठरवायला दोन वर्षं लागतात, ते आधी त्याच्या मुख्यालयात ठरतं, मग शेअर बाजाराला कळतं आणि शेवटी कामगाराला. सहा महिने आधी कामगारांना लेखी सांगा, तेही ठेक्यावरच्यांसकट. आणि रेल्वे मंत्रालयानं १,९२० डब्यांनंतर हरंगुळला कोणतं काम मिळणार ते आत्ताच सांगावं. नसेल ठरलं तर नाही ठरलं असं सांगावं, म्हणजे आम्ही पोरांना खोट्या आशेवर ठेवणार नाही.

ठेकेदारांनो, तुम्हाला थोडक्यात. तुमच्यातले बरेच जण बाहेरचे नाहीत. कुणाच्या पाहुण्याच्या नावावर मॅनपॉवरचा ठेका आहे, कुणाचा बोर्ड वेगळा आणि मालक वेगळा, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. पीएफ कापता आणि भरत नाही, ही अफरातफर आहे. १७ सप्टेंबरनंतर प्रत्येक पोराचा यूएएन आणि पासबुक आम्ही ओळीनं तपासणार आहोत. ज्याचं भरलेलं नसेल त्याच्या ठेकेदाराची तक्रार पीएफ कार्यालयात जाईल, आणि त्याच ठेकेदाराचं नाव गावच्या चावडीवर मोठ्या अक्षरात लागेल. लग्नकार्यात तुमच्याच शेजारी बसायचंय आम्हाला, पण आता ते बघणार नाही.

आमच्या माणसांनाही चार शब्द. नोकरीसाठी एजंटाला पैसे देऊ नका. परमनंट करतो म्हणून रान गहाण टाकायला लावणारा माणूस तुमचा कुणी नाही, तो गावातला असला तरी. पोरांनो, कोऱ्या कागदावर सही करू नका, रक्कम खात्यात आल्याशिवाय फुल अँड फायनलवर तर नाहीच नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, जुने आयडी, सगळं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. संघटना म्हणलं की घाबरता, सुपरवायझरनं दम दिला म्हणून मागं फिरता. तळेगावचे कामगार इतकी वर्षं लढू शकले ते त्यांची संघटना होती म्हणून. ब्रेक घेऊन गादीसकट परत आलेल्या पोरांची बातमीसुद्धा होत नाही.

१७ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर काय करणार, ते लपवून ठेवायचं कारण नाही. एक काच फुटणार नाही, एक दगड उचलला जाणार नाही. दगड उचलला की प्रश्न दगडाचा होतो, हे आम्ही पुष्कळदा बघितलंय. ग्रामसभांमधून ठराव घेऊ की ज्या कारखान्याचा नोकऱ्यांचा करार जाहीर नाही, त्याच्या भूमिपूजनाला आणि उद्घाटनाला गावातून एकही माणूस जाणार नाही. टाळ्या वाजवायला माणसं पाहिजे असतील तर ठेक्यावर मागवा. सवलतींचे करार माहिती अधिकारात गावोगावहून मागू, एकाच नमुन्यात, एकाच दिवशी. मिळाले नाहीत तर अपिलात जाऊ आणि तिथून उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढं हाच कागद धरू आणि सही मागू. सही करणार नाही त्याला चहा मिळेल, मत मिळणार नाही.

आणि १८ सप्टेंबरला सकाळी आम्ही हरंगुळच्या गेटवर येऊ. शिफ्ट अडवणार नाही, पोरांना आत जाऊ देऊ, रस्ता मोकळा ठेवू. गेटच्या बाजूला बसू आणि फलक लागेपर्यंत उठणार नाही. बाया येतील, म्हातारे येतील, सोयाबीन काढणीला यायच्या आत निकाल लागला तर बरं, नाहीतर काढणी भावकीवर सोपवून येऊ. मुक्कामाची तयारी असेल, निलंगा राईसची पातेली बरोबर असतील. पोलीस ठाण्याला लेखी कळवू, रीतसर पोच घेऊ. जिल्हाधिकाऱ्यांनी चर्चेला बोलवलं तर बंद खोलीत पाचजण पाठवणार नाही. साहेबांनी गेटवर यावं, जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगावं, आणि कागद बरोबर आणावा.